काय धरलं, काय नाही: कोकणात छोट्या कामाचं एस्टिमेट कसं लिहावं

कोकणात छोटी कामं घेणाऱ्यांचं गिऱ्हाईक बऱ्याचदा जागेवर नसतं. घर वेंगुर्ल्यात, मालक डोंबिवलीला, निम्मे पैसे देणारा भाऊ पुण्यात आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे. तुम्ही पाठवलेलं एस्टिमेट मालक लोकलमध्ये मोबाइलवर वाचतो, भावाला फॉरवर्ड करतो, भाऊ ते ओळखीच्या एखाद्या इंजिनीअरला दाखवतो. या तिघांपुढे समजावून सांगायला तुम्ही नसता. जे सांगायचं ते कागदालाच सांगावं लागतं.

आपल्याकडे हात चांगला असलेली माणसं या कागदापायी नुकसानीत जातात, याचं मला फार वाईट वाटतं. वेल्डिंग उत्तम, माल चोख, आणि कागदावर एकच ओळ: "शेड – 2 लाख." पुढे भांडण होतं ते दरावरून क्वचितच होतं. बहुतेक वेळा ते न लिहिलेल्या गोष्टीवरून होतं. म्हणून नव्याने धंद्यात उतरलेल्या मुलामुलींसाठी हा लेख. फॅब्रिकेटर असा, रंगारी, इलेक्ट्रिशियन, फोटोग्राफर किंवा घरून वेबसाइट करणारे असा, पद्धत एकच आहे. मी मुख्यतः स्लॅबवरच्या पत्र्याच्या शेडचं उदाहरण धरतो, कारण ते काम कोकणात घरोघरी निघतं. मधूनमधून होमस्टेच्या वेबसाइटचं.

आधी जागा बघा, आणि होकार कोणाचा ते विचारा

"स्क्वेअर फुटाला किती?" हा प्रश्न पहिल्याच फोनवर येतो. तिथे आकडा तोंडातून गेला की शेवटपर्यंत तोच धरला जातो. "जागा बघून दोन दिवसांत लेखी देतो" एवढंच सांगा. जागा लांब असेल तर पाहणीचे पैसे किती ते आधीच बोला. काम मिळालं तर बिलातून वजा करतो म्हटलं की कोणी नाराज होत नाही.

जागेवर मापं घ्यालच, पण बाकीचंही बघा. टेम्पो अंगणापर्यंत येतो, की पाणंदीतून माल डोक्यावरून न्यावा लागणार? घर वर्षभर बंद असतं, मग वीज चालू आहे ना? वेल्डिंग मशीन त्या जुन्या वायरिंगवर चालेल का? माडाची झावळं छपरावर पडतील का? स्लॅबला आत्ताच गळती असेल तर तिचे फोटो तारखेसकट काढून ठेवा, म्हणजे ती शेडमुळे झाली असं पुढे कोणी म्हणणार नाही.

दुसरी चौकशी माणसांची. गावचं घर पुष्कळदा सामाईक असतं. घरपट्टी आजोबांच्या नावावर, सातबाऱ्यावर दहा-बारा नावं. खांब उभे राहिले की एखादा चुलतभाऊ येऊन काम थांबवतो. त्यांच्या वाटण्यांत तुम्ही पडू नका, पण होकार कोणाचा आणि पैसे कोणाच्या खात्यातून येणार, हे दोन प्रश्न पहिल्या भेटीतच विचारा आणि एस्टिमेट त्याच माणसाच्या नावाने काढा. काकांच्या नावाचं एस्टिमेट आणि पुतण्याचा तोंडी होकार असं झालं, तर वसुलीला गेल्यावर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. होमस्टेच्या वेबसाइटचंही तसंच: डिझाइन पास कोण करणार, मालक की मुंबईतला त्याचा मेहुणा, हे आधी ठरलेलं बरं.

काम शब्दांत उतरवा

"शेड करून देणे" हे कामाचं नुसतं नाव झालं. वर्णन असं हवं:

"स्लॅबवर दुपाखी (दोन बाजूंना उतरती) पत्र्याची शेड. खांब: 80×80 मिमी चौकोनी पाइप, जाडी 3 मिमी, 8 नग, प्रत्येक खांबाखाली प्लेट व 4 अँकर बोल्ट. पत्रा: कलर कोटेड, जाडी 0.50 मिमी, विटकरी रंग. स्क्रू रबर वॉशरसकट. सर्व लोखंडाला एपॉक्सी प्रायमरचा एक हात व ऑइलपेंटचे दोन हात. पन्हळ दोन्ही बाजूंना, उतरते पाइप 4."

पाइपांचे हे आकार नमुन्यापुरते आहेत. तुमच्या कामात वजन आणि वारा बघून ते बदलतील. पण आकडा लिहिण्यामागे कारण आहे. दुसरा माणूस 0.35 मिमीचा पत्रा धरून तुमच्यापेक्षा स्वस्त देतो. जाडी लिहिली नसेल तर डोंबिवलीतल्या मालकाला दोन कागदांत फक्त रकमेचा फरक दिसतो. लिहिली असेल तर तोच समोरच्याला फोन करून विचारतो, "तुझा पत्रा किती जाडीचा?"

किनाऱ्यालगतच्या घरांना हे आणखी लागू आहे. खारा वारा लोखंड झपाट्याने खातो, म्हणून प्रायमर कुठला आणि हात किती हे लिहायलाच हवं. स्टीलची रेलिंग असेल तर ग्रेड लिहा: 304 वर समुद्राजवळ तपकिरी डाग येतात, 316 महाग पण टिकाऊ. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ श्रीवर्धन, मुरूड, दापोली पट्ट्यातून गेलं, मे 2021 मध्ये तौक्ते आलं, तेव्हापासून छपराचं काम निघालं की "वाऱ्याला टिकेल ना?" हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर अँकर बोल्ट आणि स्क्रूच्या ओळीत असतं.

वेबसाइटवाल्यांनी हाच नेम ठेवावा. पानं किती, फोटो किती आणि कोण काढणार, मजकूर कोण देणार, बदलाच्या फेऱ्या किती, डोमेन कोणाच्या नावावर. "मालकाला पसंत पडेपर्यंत" असं कधीही लिहू नका. दोन फेऱ्या लिहा आणि तिसरीचा दर लिहा.

माप कुठलं, हे लिहिल्याशिवाय दर लिहू नका

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात मोठी रक्कम इथेच निसटते.

समजा स्लॅब 30 × 25 फूट आहे, म्हणजे 750 चौरस फूट. मालकाच्या डोक्यात हाच आकडा असतो. पण पावसाची झड भिंतीवर येऊ नये म्हणून शेड चारही बाजूंना 2 फूट बाहेर काढावी लागते. मग ती 34 × 29 होते, म्हणजे 986. आता पत्रा उतरता आहे. मधला आढ्याचा भाग 4 फूट वर धरला तर एका पाखीची आडवी रुंदी साडेचौदा फूट, पण उताराची लांबी साधारण 15 फूट भरते. म्हणजे प्रत्यक्ष पत्रा 34 × 30, एकूण 1,020 चौरस फूट.

हिशेबापुरता 200 रुपये दर धरू. 750 वर दीड लाख होतात, 986 वर 1,97,200 आणि 1,020 वर 2,04,000. शेड एकच, दर एकच, आणि फरक 54,000 रुपयांचा. तुम्ही फोनवर "दोनशे" म्हणालात, मालकाने 750 ने गुणलं आणि दीड लाखाचं बजेट बायकोला सांगून टाकलं. नंतर तुमचं बिल खरं असूनही तुम्ही फसवलंत असंच त्याला वाटणार.

म्हणून कागदावर अशी ओळ हवी: "माप पत्र्याच्या उताराच्या पृष्ठभागावर, पाखीची बाहेर काढलेली बाजू धरून. पत्र्यावर पत्रा चढतो तो भाग दोनदा मोजला जाणार नाही. अंदाजे 1,020 चौ. फूट, अंतिम बिल मालक किंवा त्यांच्या माणसासमोर घेतलेल्या मापाप्रमाणे." सोबत हाताने काढलेलं एक चित्र जोडा. ते सुबक नसलं तरी चालेल, त्यावर आकडे हवेत.

रंगाऱ्यांनी दारं-खिडक्या वजा की धरून, हे लिहावं. चिऱ्याची गडग (दगडी कुंपण) घालणाऱ्यांनी पाया धरून की जमिनीच्या वर, हे लिहावं. वाळू-खडी ब्रासवर असेल तर ब्रास म्हणजे 100 घनफूट हे मुंबईच्या माणसासाठी एकदा लिहून टाकावं.

खर्च आतून बांधा, मग दर काढा

बाजारात चालू आहे म्हणून तोच दर लावणं सोपं असतं, पण त्या दरात तुमचं घर चालतं का, ते दुसरा कोणी सांगणार नाही. एका वहीत, गिऱ्हाइकाला न दाखवता, सगळं लिहा. माल, तोडीत वाया जाणारा माल, कारण पाइप 6 मीटरच्या लांबीत येतो आणि तुकडे उरतात, भाडं, हमाली, माणसांच्या हजेऱ्या, त्यांचं जेवण, डिस्क, वेल्डिंग रॉड, मशीनची झीज, आणि तुमचे स्वतःचे दिवस. शेवटची ओळ निम्मे लोक लिहितच नाहीत. सिंधुदुर्गात बराच माल कोल्हापूरहून घाट उतरून येतो, त्यामुळे दुकानदाराचा दर आणि तुमच्या अंगणातला दर यांत फरक धरा.

घरून काम करणाऱ्यांचा हिशेब जरा वेगळा. महिन्याला 30,000 घरी यायला हवेत म्हणून कोणी दिवसाला हजार रुपये लावतं. असं बघा: वर्षाचे 3,60,000, शिवाय लॅपटॉप, इंटरनेट, इन्व्हर्टर, प्रवास मिळून समजा 84,000. एकूण 4,44,000. आता वर्षातले किती दिवस कोणी पैसे देणारं काम असतं? रविवार, शिमगा, गणपती, पावसात लाइट गेलेले दिवस, गिऱ्हाईक शोधण्यात आणि वसुलीत गेलेले दिवस वजा केले की नव्या माणसाला 120 दिवस पुष्कळ झाले. 4,44,000 भागिले 120 म्हणजे 3,700 रुपये रोज. याखाली गेलात तर तो फरक तुम्ही घरातून भरताय.

खर्चावर नफा चढवतानाही एक गोष्ट ध्यानात असू द्या. खर्च एक लाख, त्यावर 20 टक्के, किंमत 1,20,000. मालक म्हणतो, "दहा टक्के सोड." दहा टक्के म्हणजे 12,000, तुमच्या 20,000 मधून ते गेले की उरले 8,000. गिऱ्हाइकाला दहा टक्के वाटणारी सूट तुमच्या नफ्यातले साठ टक्के नेते.

आणि जे दिसत नाही त्याची रक्कम सांगू नका, दर सांगा. कौलं उतरवल्याशिवाय वासे वाळवीने खाल्लेत का, ते कळत नाही. "वासा बदलावा लागल्यास प्रति रनिंग फूट इतके, मालकाला फोटो पाठवून होकार घेतल्यावरच" एवढं लिहिलं की दोघांनाही निर्धास्त राहता येतं.

काय धरलेलं नाही

हा भाग बहुतेक एस्टिमेटमध्ये नसतोच, आणि माझ्या मते तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. लोक तो टाळतात कारण गिऱ्हाईक बिचकेल अशी भीती वाटते. माझा अनुभव उलटा आहे. या ओळी वाचून मालकाला कळतं की या माणसाने जागा नीट बघितली आहे.

शेडच्या कामात मी या गोष्टी लिहायला सांगतो: ग्रामपंचायतीची किंवा इतर लागणारी परवानगी मालकाने घ्यायची, आणि घर किनाऱ्याजवळ असेल तर सीआरझेडचंही (किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचं) त्यांनीच बघायचं. स्लॅबची जुनी गळती दुरुस्त करणं धरलेलं नाही. पाण्याची टाकी आणि सोलर हलवणं धरलेलं नाही. माडाची झावळं, आंब्याच्या फांद्या तोडणं धरलेलं नाही. वीज आणि पाणी मालकाचं. वीज नसल्यास जनरेटरचं भाडं वेगळं. शेडमधली लाइट फिटिंग वेगळी. जुना पत्रा आणि भंगार कोणाचं, हेही लिहा, कारण भंगाराचे पैसे येतात आणि त्यावरून शब्दाला शब्द लागतो.

गॅरंटीचंही असंच. "स्क्रू व जोडातून गळती: एक पावसाळा मोफत दुरुस्ती. चक्रीवादळ, झाड पडणे, वर माणूस चालून पत्रा दबणे यांत धरलेलं नाही." माकडांचा त्रास असलेल्या गावात तेही लिहा. वानरांनी उड्या मारून पन्हळ वाकवली की पहिला फोन तुम्हालाच येतो.

तारखा आणि मुदत

"गणपतीच्या आधी" ही तारीख नव्हे. गणपती कधी ऑगस्टच्या शेवटी येतात, कधी सप्टेंबरच्या मध्यावर. शिवाय त्याआधी पावसाचे अडीच-तीन महिने असतात. रत्नागिरीला वर्षाला 3000 मिमीच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा याच दिवसांत. ओल्या भिंतीवर रंग धरत नाही, ओल्या पाइपवर वेल्डिंग करणं जिवावर बेततं. म्हणून छपराचं काम मेअखेर पूर्ण होईल अशीच तारीख द्या आणि ती अॅडव्हान्सशी बांधा: "अॅडव्हान्स जमा झाल्यापासून 20 कामाचे दिवस. 15 एप्रिलनंतर अॅडव्हान्स आल्यास काम पावसाळ्यानंतर." शिमग्यात माणसं मिळत नाहीत, ते दिवस आधीच वजा करा.

एस्टिमेटची वैधताही लिहा. लोखंडाचा भाव हलता असतो, म्हणून 15 दिवस ठीक. भारतीय करार कायदा 1872 चा आहे. त्याप्रमाणे प्रस्तावात मुदत दिली असेल तर ती उलटल्यावर प्रस्ताव संपतो, आणि समोरच्याचा होकार येण्याआधी तुम्ही तो मागेही घेऊ शकता. मुदत न लिहिलेला कागद दिवाळीत पाठवलेला असतो आणि मेमध्ये फोन येतो, "ते तू सांगितलेलंस ना, कर सुरू."

पैसे कधी

मालाचे पैसे आधी, मजुरी टप्प्यांनी. शेडला असे टप्पे चालतात: माल आणण्याआधी 50 टक्के, सांगाडा उभा राहिल्यावर 30, पत्रा चढल्यावर 15, साफसफाई आणि अंतिम मापानंतर 5. टप्पा असा ठरवा की मुंबईत बसलेल्या माणसाला तो फोटोत ओळखता येईल. "अर्धं काम झाल्यावर" हे फोटोत दिसत नाही, "आठही खांब आणि कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) उभ्या" हे दिसतं.

गिऱ्हाइकाचा हंगामही ओळखा. आंबा-काजूच्या बागायतदाराकडे पैसा एप्रिल ते जूनमध्ये खेळतो. मासेमारीवाल्यांकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, त्यामुळे त्या दिवसांत हप्ता मागणं म्हणजे दोघांनाही त्रास. होमस्टेवाल्याच्या गल्ल्यात भर पडते ती दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात. शेवटचा हप्ता त्या महिन्यांवर ठेवला तर वसुलीला खेपा पडत नाहीत.

रोखीचं एक ध्यानात ठेवा. एकाच व्यवहाराचे 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतले, मग ते हप्त्यांनी का असेना, तर आयकर कायद्याने दंड घेणाऱ्याला होतो आणि तो घेतलेल्या रकमेएवढा असू शकतो. वरच्या 2,04,000 च्या शेडला हे थेट लागू पडतं. पैसे खात्यावर घ्या.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत आहे, काम घेण्याआधीच करून ठेवा. नोंदणी केलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, असं 2006 चा एमएसएमई कायदा सांगतो. रिसॉर्टची वेबसाइट करणाऱ्या मुलीने ही ओळ आणि आपला उद्यम नंबर प्रस्तावाच्या तळाशी जरूर घालावा.

जीएसटी, टीडीएस

महाराष्ट्रात सेवांसाठी वर्षाला 20 लाख आणि नुसत्या वस्तूंसाठी 40 लाख उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. मात्र बांद्यापलीकडे गोव्यात वस्तू विकायच्या तर नोंदणी लागते. नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावता येत नाही; "जीएसटी लागू नाही" असं लिहा. असेल तर रकमेत धरलेला की वेगळा, हे स्पष्ट करा. 18 टक्क्यांचा घोळ कोणालाच परवडत नाही. कंपनी किंवा मोठं हॉटेल टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापेल, तो तुमच्या पॅनवर जमा होतो, त्यामुळे पॅन आधीच द्या. गिऱ्हाईक बँकेचं कर्ज काढत असेल तर बँकेला सहीशिक्क्याचं कोटेशन लागतं, तेवढं विचारून घ्या.

पाठवणं, घासाघीस, होकार

पीडीएफ करून व्हॉट्सअॅपवर पाठवा. टाइप केलेला मेसेज वर सरकून हरवतो. दोन पानांत बसवा. पहिल्या पानावर नाव, तारीख, नंबर, काम, माप, एकूण रक्कम. दुसऱ्यावर काय धरलेलं नाही, तारखा, पैसे. पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी फोन करून एवढंच विचारा, "काही समजावून सांगू का?"

मग येतंच, "तू आपलोच माणूस, काय तां बघून घे." या वाक्यात आपुलकी खरी असते, तिचा मान ठेवा, पण रक्कम तशीच ठेवून कामही तसंच ठेवू नका. पैसे कमी करायचे तर काम कमी करा: "एका बाजूची पन्हळ पुढच्या वर्षी लावू, 9,000 कमी होतील." याने गिऱ्हाइकाच्या हातात निवड राहते आणि तुमचा दर शाबूत राहतो. दर एकदम खाली आणलात तर आधी जास्त सांगितलं होतं, असा त्याचा अर्थ होतो.

होकार लेखी घ्या. सही मिळाली तर उत्तम, नाहीतर व्हॉट्सअॅपवर "एस्टिमेट नंबर 14, तारीख अमुक, मान्य आहे" एवढं त्यांच्याकडून आलं पाहिजे. अंगठ्याच्या चित्रावर काम सुरू करू नका. तोंडी करारही कायद्याने करारच असतो, पण तो सिद्ध करायला साक्षीदार शोधत फिरावं लागतं.

काम चालू झाल्यावर

"एवढं करताच आहात तर जिन्यावरही छोटंसं छप्पर टाका ना" हे होणारच. ना म्हणू नका आणि लगेच पाइपही कापू नका. जागेवरूनच मेसेज टाका: "जादा काम 1: जिन्यावर 6 × 8 फूट छप्पर, 11,500 रुपये, दोन दिवस वाढतील. मान्य?" उत्तर आलं की सुरू. प्रत्येक जादा कामाला नंबर द्या आणि अंतिम बिलात ती सगळी त्याच नंबरांनी दाखवा.

शेवटचं माप काकूंना समोर उभं करून घ्या, टेप दिसेल असे फोटो काढा आणि बिलासोबतच ते डोंबिवलीला पाठवा. त्याच संध्याकाळी आपल्या वहीत एस्टिमेटच्या प्रत्येक आकड्याशेजारी खरा आकडा लिहा: पाइप किती लागला, हजेऱ्या किती झाल्या, टेम्पोच्या खेपा किती. पुढच्या शेडचं एस्टिमेट याच वहीवरून काढा.